मूळसर आणि काळं मेंढरू

इंग्रजीच्या तासाला आमचे सर जितक्या वेळा ‘मला माहीत नाही’ म्हणत, तितक्या वेळा शेवटच्या बाकावरचा मुलगाही म्हणत नसे. आणि म्हणताना त्यांना जराही ओशाळल्यासारखं होत नसे. उलट खडू खाली ठेवून, दोन्ही हात झटकून, पोटभर जेवलेल्या माणसाच्या समाधानानं ते म्हणायचे, "मला माहीत नाही. लिहून घ्या."

धड्यात एकदा ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आलं. दुसऱ्या कुणी ‘मुसळधार पाऊस’ एवढं फळ्यावर लिहून पुढचं वाक्य घेतलं असतं. सरांचा तास तिथून सुरू झाला. "आपल्याकडं मुसळं पडतात, त्यांच्याकडं मांजरं-कुत्रीच का?" कुणी सांगतं, म्हणाले, की तिकडं गवताच्या छपरांवर मांजरं-कुत्री झोपायची आणि पाऊस आला की घसरून खाली पडायची. "मला हे खोटं वाटतं. पावसात कुत्रं छपरावर कशाला चढेल? तुमच्यापैकी कुणाचं चढतं?" कुणाचंच चढत नव्हतं. दुसरं कुणी सांगतं, शहरातल्या गटारांतून मेलेली जनावरं पुराबरोबर वाहत यायची. "हे असू शकेल. पण पुरावा नाही." मग हात झटकणं. आणि आमच्या सगळ्यांच्या वहीत एक ओळ, ‘मूळ अज्ञात.’

बोर्डाच्या परीक्षेत मूळ कधी विचारत नसत, फक्त अर्थ विचारत. मुलं तक्रार करायची, हेडसरही एकदा बोलले होते. पण सरांनी सवय सोडली नाही आणि पोरांनी त्यांना ‘मूळसर’ हे नाव ठेवलं. हे नाव त्यांना ठाऊक होतं. त्याचं मूळ शोधायची गरज नाही, एवढंच ते म्हणत.

ते मूळचे पाटणकडचे. कोयनेच्या खोऱ्यात, रस्त्यापासून बरंच आत त्यांचं गाव. वडील फौजेत होते. त्यांनी आणलेली काळी पेटी आणि फौजी इंग्रजीचे वीस-पंचवीस शब्द एवढ्या भांडवलावर सरांनी इंग्रजीचा नाद लावून घेतला होता. लोणंदला स्टेशनच्या रस्त्याला दोन खोल्यांत ते आणि काकू राहायचे. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, खाली टेबलावर खाकी कापडाचं कव्हर शिवलेला जाडजूड शब्दकोश, आणि शेजारी कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा. एखादा वाक्प्रचार अडला की सर पोस्टकार्ड लिहायचे. मिरजेच्या एका रिटायर झालेल्या रेल्वे गार्डाला, पाचगणीच्या एका वृद्ध शिक्षिकेला, वडिलांच्या फौजेतल्या जुन्या सोबत्याला. पंधरा-पंधरा दिवस उत्तराची वाट पाहायचे. उत्तर आलं नाही तर दुसरं कार्ड टाकायचे. चिडायचे नाहीत.

शिरवळच्या कारखान्यांतली माणसंही त्यांच्याकडं इंग्रजी पत्रं घेऊन येत. एका रविवारी मी वही दाखवायला गेले होते, तेव्हा एक सुपरवायझर ओसरीवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. साहेबानं त्याला पत्र दिलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, ‘नाऊ द बॉल इज इन युवर कोर्ट.’ बिचाऱ्याला एकच शब्द कळला होता, कोर्ट. आपल्यावर खटला भरला म्हणून तो दोन दिवस जेवला नव्हता. साताऱ्याला जाऊन वकीलसुद्धा बघून आला होता. सर हसले नाहीत. त्यांनी अंगणात काठीनं रेघ मारली, एका बाजूला स्वतः उभे राहिले, दुसऱ्या बाजूला त्याला उभं केलं आणि कागदाचा बोळा त्याच्याकडं टाकला. "हे टेनिस. चेंडू तुमच्या बाजूला आला. आता मारायची पाळी तुमची. साहेब म्हणतोय, मी माझं सांगितलं, आता तुम्ही काय ते कळवा. बस, एवढंच." तो माणूस मटकन खाली बसला आणि तांब्याभर पाणी घटाघट प्यायला. जाताना तो बोळा खिशात घालून घेऊन गेला.

आता माझं सांगते. आम्ही माणदेशातले मेंढपाळ. आमच्याकडं पाऊस नाही, म्हणून दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणाकडं जात आणि वळवाच्या सुमाराला परत येत. घरात शिकलेलं कुणी नव्हतं. मला सातवीत चांगले मार्क पडले म्हणून आबांनी मला लोणंदला चंद्राआत्याकडं ठेवलं. आत्या विधवा होती. स्टेशनाबाहेर तिची शेंगदाणे-फुटाण्यांची गाडी होती. ती माझ्यावर माया करायची, पण शाळेवर तिचा विश्वास नव्हता. दहावीच्या वर्षी तिनं खटावचं एक स्थळ बघून ठेवलं होतं आणि दर आठवड्याला त्याचं नाव काढायची. आबांनी सांगितलं होतं, दहावी होऊ दे, मग बघू.

त्या वर्षीच्या पूर्वपरीक्षेत, इंग्रजीच्या पेपराला, माझ्या कंपासपेटीत एक कागद सापडला. अर्धा फाडलेला, सायक्लोस्टाईल केलेला. त्यावर त्याच दिवसाच्या पेपरातले प्रश्न होते.

तो कागद आत्याच्या गाडीवरच्या पुडीचा होता. आदल्या संध्याकाळी मी फुटाणे खाल्ले आणि पुडी उलगडून ठेवली, कारण पाठीमागची बाजू कोरी होती. कोरा कागद मी कधी टाकत नसे. त्यावर मी गणितं सोडवून घडी कंपासपेटीत टाकली होती. पुढच्या बाजूला इंग्रजी आहे हे मी पाहिलं होतं. जुना कुठला तरी पेपर असेल म्हणून वाचलंही नव्हतं. हे सगळं मी हेडसरांना सांगितलं. त्यांनी आत्याला बोलावून घेतलं. आत्या दारात उभी राहिली, पदराचं टोक चावत म्हणाली, "आमच्या गाडीवर शाळंचा कागुद न्हाई. मी वर्तमानपत्राच्या पुड्या बांदती."

मी तिच्याकडं बघतच राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

आमचे हेडसर वाईट नव्हते. साताऱ्याहून आले होते, शिस्तीचे होते, शाळेचं नाव व्हावं म्हणून धडपडत होते. पण त्यांना चारचौघांत इंग्रजी बोलायची हौस होती. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्यांनी मला रांगेतून पुढं बोलावलं आणि सगळ्या शाळेसमोर म्हणाले, "देअर इज अ ब्लॅक शीप अमंग अस." बहुतेकांना एवढंच कळलं, शीप म्हणजे मेंढी. मी धनगराची. सगळं मैदान हसलं. त्या दुपारपासून मी वर्गात पाय टाकला की मागून ‘बेंऽऽ’ असा आवाज यायचा. हेडसरांनी माझं हॉल तिकीट अडवून ठेवलं आणि आबांच्या नावानं शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत टाईप केलेलं पत्र आत्याच्या हातात दिलं. वडिलांनी समक्ष भेटावं, नाहीतर मुलीला बोर्डाला बसता येणार नाही. कोकणात निघालेल्या आमच्या एका भावकीतल्या माणसाबरोबर आत्यानं ते पत्र आबांकडं धाडलं. माझ्याशी बोलताना तिनं परत खटावचं स्थळ काढलं. या खेपेला मी नको म्हटलं नाही.

मूळसर त्या आठवड्यात शाळेत नव्हते. आई आजारी म्हणून गावी गेले होते. ते परत आले त्या दिवशी मी मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसले होते. ते सरळ माझ्याकडं आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "सुमन, तो कागद कुठून आला, ते पहिल्यापासून सांग."

मी सांगितलं. आत्यानं नाही म्हटल्याचंही सांगितलं, आणि तेव्हा मला रडू आलं.

सर म्हणाले, "मला वाटतं तू खरं बोलतेस. पण मला वाटून चालत नाही. शोधायला लागेल." मग मैदानाकडं बघत म्हणाले, "आमच्या आजोबाला गावानं एक नाव ठेवलं होतं. ते मी तुला सांगणार नाही. सगळं गाव त्याच नावानं हाक मारायचं, शाळेच्या रजिस्टरात माझ्या वडिलांच्या नावापुढंही तेच. आम्ही बुद्धाला शरण गेलो त्या दिवशी माझ्या वडिलांनी ते नाव टाकून दिलं. मी सोळा वर्षांचा होतो. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे. कुणी कुणाला नाव ठेवलं की आधी विचारायचं, हे आलं कुठून? तू माझ्या तासाला तीन वर्षं हेच लिहून घेतेस." एवढं बोलून ते उठले आणि हेडसरांच्या खोलीत गेले. हेडसरांनी त्यांना कागद दाखवला नाही. तो कपाटात कुलूपबंद होता आणि प्रकरण वडील आल्यावरच उघडणार होतं.

त्या संध्याकाळपासून सर आत्याच्या गाडीवर फुटाणे घ्यायला लागले.

सरांना कवळी होती. फुटाणा त्यांना चावत नसे. पण रोज संध्याकाळी ते गाडीसमोर येऊन उभे राहायचे, चार-पाच पुड्या घ्यायचे, तिथंच एकेक उलगडून फुटाणे पिशवीत ओतायचे आणि पुडीचा कागद गुडघ्यावर हातानं सपाट करून नीट बघायचे. मग घडी घालून खिशात. आत्याला एक शब्द विचारायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळे शिक्षक फुटाणे खात होते आणि काकू म्हणत होत्या, घरात आता पीठ ठेवायला डबा उरला नाही.

चौथ्या दिवशी मी गाडीमागं भट्टीशी बसले होते. आत्याला राहवलं नाही.

"मास्तर, फुटानं खायाचं सोडून कागुद काय बघताय?"

"खातो की."

"कशानं खाताय? तुमास्नी दात हाईत कुटं?"

सर हसले. खिशातून एक कागद काढून त्यांनी तिच्यासमोर धरला. सायक्लोस्टाईलचा होता. सातवीच्या भूगोलाच्या पेपराची पुसट निघालेली, टाकून दिलेली प्रत. "हे वर्तमानपत्र कुठलं, चंद्राबाई?"

आत्यानं हातातला झारा खाली ठेवला. मग तिनं सगळं सांगितलं. शाळेतला शिपाई दगडूमामा रोज झाडलोट झाल्यावर टोपलीतले कागद तिला आणून द्यायचा आणि बदल्यात पोरांसाठी मूठभर शेंगदाणे न्यायचा. "त्यानं मला शपथ घातली हुती, मास्तर. त्येची नोकरी जाईल. चार लेकरं हाईत. मला वाटलं, पोरगीचं काय, तिचं लगीन व्हनारच हाय. पर ह्या चार दिसांत ती माझ्या हातचा घास खाईना झालीया."

"दगडूला काही होऊ देणार नाही," सर म्हणाले. "उद्या शाळेत या आणि हेच सांगा."

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी सकाळीच आबा आले.

चिपळूणच्या अलीकडं कुठं तरी त्यांना पत्र आणि शाळेनं बोलावल्याचा निरोप मिळाला होता. मेंढरं भावाच्या हवाली करून ते एसटीनं पाटणला आले आणि स्टँडवर एका कॉलेजच्या पोराकडून त्यांनी पत्र वाचून घेतलं. त्या पोराचं इंग्रजी बेताचं होतं. अवघड वाक्यं सोडून त्यानं एकच वाक्य उलगडून सांगितलं, तुमची मुलगी ही या शाळेचं काळं मेंढरू आहे. आबा तिथून जे निघाले ते आनंदातच निघाले. लाल पटका, खांद्यावर नवं कोरं काळं घोंगडं, अशा थाटात ते थेट हेडसरांच्या खोलीत शिरले. मला आणि मूळसरांना तिथं बोलावलं होतं. आबांनी घोंगडं टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात जोडले.

"राम राम सायेब. तुमी माझ्या लेकीला काळं मेंढरू म्हनलासा, लय बरं वाटलं बगा. आमचं अडानी मानसाचं पोर. तिचं एवडं कवतिक कुनी क्येलं नव्हतं. हे तुमच्यासाटनं आनलंया. घरच्या लोकरीचं हाय."

हेडसरांनी माझ्याकडं पाहिलं, मग घोंगड्याकडं, मग मूळसरांकडं. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

"तुम्ही सांगा यांना," शेवटी हेडसर मूळसरांना म्हणाले.

सरांनी आबांना खुर्ची पुढं केली. आबा बसले नाहीत. सर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि हळू, सरळ शब्दांत म्हणाले, "आबा, हे कौतुक नाही. इंग्रजीत काळं मेंढरू म्हणजे कळपातलं वाईट निघालेलं. सगळ्यांना बट्टा लावणारं."

आबांना ते लवकर उमगेना. "मेंढरू वाईट कसं असंल? त्याला काय कळतंय?"

"तिकडं मेंढरं पांढरी असतात. पांढऱ्या लोकरीला हवा तो रंग देता येतो, लाल, निळा, हिरवा. काळ्या लोकरीवर कुठलाच रंग चढत नाही. म्हणून तिकडच्या व्यापाऱ्याला ती नको असायची. काहीजण काळं मेंढरू अपशकुनीही समजायचे. त्यावरून हा शब्द आला, असं म्हणतात. पक्कं कुणाला माहीत नाही."

आबांनी घोंगड्याची घडी थोडी उलगडली. त्यांचा हात घोंगड्यावरून फिरत होता. मग म्हणाले, "रंग चढत न्हाई म्हनून वाईट? आवं, दुसरा रंग चढत न्हाई म्हनून तर त्याचं मोल. आमच्यात काळ्या लोकरीला येगळं काढून ठेवत्यात. जलमाचा रंग, पावसात उतरत न्हाई, उन्हात इटत न्हाई. त्या लोकास्नी घोंगडं इनता येत नसंल, दुसरं काय." आणि त्यांनी ते घोंगडं टेबलावरून उचललं, झटकलं आणि परत आपल्या खांद्यावर टाकलं. "पर तुमी वाईट म्हनूनच म्हनलासा न्हवं? मंग माझ्या पोरीनं काय क्येलं त्ये सांगा."

हेडसरांनी कपाट उघडून तो कागद काढला. मूळसरांनी तो हातात घेतला, उजेडात धरला, कडेच्या वळ्यांवरून बोट फिरवलं. मग एक मिनिट त्यांनी डोळे मिटले. ते घाबरले की काय असं मला वाटलं. पण डोळे उघडल्यावर त्यांचा आवाज अगदी शांत होता.

"साहेब, हा पेपर मीच काढलेला. यात चौथ्या प्रश्नात ‘व्हाइट एलिफंट’ हा वाक्प्रचार आहे. परीक्षेत मुलांना मिळालेल्या पेपरात तिथं ‘वाइल्ड गूज चेस’ होतं. स्टेन्सिलची पहिली प्रत काढून मी तुम्हाला तपासायला दिली होती. तुम्ही म्हणालात, पांढरा हत्ती गेल्या वर्षी येऊन गेला, बदला. मी बदलला. पांढरा हत्ती असलेली जगात एकच प्रत निघाली आणि ती तुमच्या टेबलावर राहिली."

सरांनी खिशातून भूगोलाचा तो कागद काढून शेजारी ठेवला. दोन्हींवर पुडी वळल्याच्या सारख्याच तिरक्या घड्या होत्या. तेवढ्यात आत्या दारात येऊन उभी राहिली. आबांना बघून ती रडायला लागली आणि रडत रडतच तिनं सगळं सांगितलं, प्रार्थनेत मला काय म्हटलं गेलं तेसुद्धा. दगडूमामाही मागं येऊन थांबला होता, टोपी हातात घेऊन.

"यात दगडूचा दोष नाही," मूळसर म्हणाले. "टोपलीतलं उचलून बाहेर न्यायचं, हेच त्याचं काम. पेपराची प्रत फाडून जाळायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि ती टोपलीत त्यानं टाकली नव्हती."

हेडसरांनी चष्मा काढला. ग्लासभर पाणी प्याले. मग खणातून माझं हॉल तिकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. ते उचलून मी त्यावरचं माझं नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिले, शेवटी सरांनी ते माझ्या हातून घेऊन माझ्या वहीत घालून दिलं.

मला वाटलं, झालं. पण आबा जाईनात. "सायेब, तिला तुमी परार्थनेत म्हनलासा, सगळ्या पोरांम्होरं. तवा तितंच परत घ्या. मी उद्यापातुर ऱ्हातो."

आणि हेडसरांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पुढं बोलावलं नाही, स्वतःच रांगांजवळ खाली उतरून आले. प्रार्थनेत त्यांना मराठी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "मी या मुलीबद्दल जे बोललो ते मागे घेतो. तिचा काही दोष नव्हता. हलगर्जीपणा माझ्या कार्यालयाचा होता." तो दिवस त्यांना सोपा गेला नसणार. फाटकाशी आबा उभे होते. त्यांनी तिथूनच हात जोडले. त्या दिवशी वर्गात कुणी ‘बेंऽऽ’ केलं नाही. डबा खाताना मला कळलं की मला प्रचंड भूक लागली आहे, किती तरी दिवसांची.

आदल्या रात्री आबा सरांच्या घरी जेवले होते. आत्याला हे कळलं तेव्हा तिनं आधी कपाळाला आठी घातली. मग म्हणाली, "भाकरी कुनाच्या हातची का असंना, पोट भरल्याशी मतलब." तिच्याकडून एवढं पुष्कळ होतं. काकूंनी सांगितलं, दोघं मेंढरांच्या रंगांवर बोलत बसले होते. आबांच्या तोंडून सरांनी मेंढरांची बावीस नावं लिहून घेतली, कानाच्या, रंगाच्या, तोंडावरच्या ठिपक्याच्या खुणांवरून ठेवलेली. जाताना आबा घोंगडं परत घेऊन गेले. खटावच्या स्थळाला त्यांनी सांगून टाकलं, पोरगी शिकतीया.

मी पास झाले, पहिल्या वर्गात. पुढं सांगलीला कॉलेजात गेले, मुलींच्या वसतिगृहात राहिले. सरांची कार्डं यायची. दोन वर्षांनी ते रिटायर होऊन गावी गेले. कोकणात उतरताना आबा दर साली त्यांच्या शेताच्या तुकड्यात दोन दिवस मेंढरं बसवायचे. शेताला खत मिळायचं, आणि दोघांना गप्पा.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना सर सांगलीला मुलीकडं आले होते. एका सकाळी चहाचा कप हातातून पडला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, हातपाय सुधारतील. बोलणं येईल की नाही, सांगता येत नाही.

मी रोज कॉलेज सुटल्यावर सिटी बसनं मिरजेला जायचे. काकू सकाळपासून बसून असत, त्यांना जरा पाठ टेकायला मिळावी म्हणून. सर डोळ्यांनी ओळख द्यायचे. ओठ हलवायचे, त्यातून नुसता घरघर आवाज यायचा आणि मग ते भिंतीकडं तोंड करायचे. आयुष्यभर शब्दांमागं हिंडलेल्या माणसाला शब्दच सापडेना. मला ते बघवायचं नाही. काय बोलावं ते सुचत नसे, म्हणून मी पेपर वाचून दाखवायचे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, बाजारभावासकट. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. ते ऐकतात की नाही, तेही कळायचं नाही.

नवव्या दिवशी मी दमलेली होते. परीक्षा जवळ आली होती, रात्रभर झोप नव्हती. सांगलीच्या हळदीची बातमी होती. मी वाचलं, "मार्केट यार्डात कालपासून नव्या हळदीचे सोहळे निघाले—"

"चूक."

मी थांबले. वाटलं, शेजारच्या खाटेवरून कुणी तरी बोललं. मी वर पाहिलं. सर माझ्याकडं बघत होते. डाव्या भुवईवर आठी होती, वर्गात असायची तशी.

"सौ," ते म्हणाले. घाम फुटला होता त्यांना. "सौदे."

मी पेपर पाहिला. ‘सौदे’च होतं. मी उठले, पेपर खाली पडला, आणि दाराशी जाऊन मी काकूंना हाक मारली. त्या व्हरांड्यात भिंतीला टेकून डुलकी घेत होत्या. धावत आल्या. "काय झालं? काय झालं गं?"

"सरांनी माझी चूक काढली," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून हसतही होतो आणि रडतही होतो. आवाज ऐकून नर्स आली आणि आम्हाला रागावली.

सरांनी डाव्या हातानं मला बसायची खूण केली. मी डोळे पुसले, पेपर उचलला आणि ती बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.